रॅम्प आहे, पण मोटरसायकलचा

दादाने फॅमिली ग्रुपवर नव्या घराचे फोटो टाकले. अमळनेरचं आमचं जुनं धाब्याचं घर पाडून तिथेच दोन मजली बंगला बांधलाय, यंदाची कानबाई (आमच्या खानदेशातली श्रावणातली देवी) नव्या घरातच बसवायची म्हणून सगळी घाई चाललीय. हॉलमधे आरशासारखी पांढरीशुभ्र टाइल, पायऱ्यांना काळा ग्रॅनाइट, पीओपीचं सीलिंग आणि त्यात निळे लाइट. मावश्या, आत्या, चुलतभाऊ सगळ्यांनी अंगठे आणि हात जोडलेले पाठवले. मी विचारलं, मायच्या बाथरूमचा फोटो कुठंय, तिथे धरायला दांड्या आणि न घसरणारी मॅट टाइल लावताय ना? झालं, पेटलं तिथून.

दादाचं म्हणणं सरळ आहे. तू तिकडे टोकियोत बसून सल्ले देतो, इथे माय माझ्याजवळ आहे, घरात चार माणसं आहेत, तुमच्या जपानसारखी आमची म्हातारी माणसं एकटी पडत नाहीत, मग ते दवाखान्यातले दांडे घरात कशाला? वहिनीने वर जोडलं की बाथरूमला मॅट टाइल लावली तर मळकट दिसते, घासून घासून जीव जातो. आणि घासणार ती, मी नाही, त्यामुळे तिथे मी गप्प बसलो.

खरं सांगायचं तर दादाचं अर्धं मला पटतं. मी ११ वर्षं इथे निशिकासाईत राहतो. आमच्या मजल्यावर एक आजीबाई आहेत, ऐंशीच्या पुढच्या. त्यांचं घर बघितलं तर आपल्याकडच्या आर्किटेक्टला वर्गात दाखवावं असं. दारात बूट काढायच्या पायरीपाशी उभी दांडी, संडासात बसता-उठताना धरायला आडवी दांडी, बाथरूमचं दार सरकतं म्हणजे आत कोणी पडलं तरी बाहेरून उघडता येतं (आपलं दार आत उघडतं, आणि आतला माणूस नेमका दारालाच अडून पडलेला असतो). सगळं आहे. फक्त दिवसभर बोलायला कोणी नाही. माझ्या मुलीने लिफ्टमधे कोन्निचिवा म्हटलं तरी त्या तिला पाच मिनिटं सोडत नाहीत. माणूस घरात एकटाच मरतो आणि कित्येक दिवस कोणाला कळत नाही, याला जपानी भाषेत वेगळा शब्दच आहे, कोदोकुशी. असा शब्द आपल्याकडे लागला नाही याचं मला बरंच वाटतं.

पण दादा एक गोष्ट सोयीने विसरतो. २०२४ च्या फेब्रुवारीत, गावात साहित्य संमेलन चालू होतं तेव्हा, माय जुन्या घरातल्या बाथरूममधे पडली. घरात दादा होता, वहिनी होती, आमचा भाचा पण आलेला होता. तिचा पाय साबणाच्या पाण्यावर सरकला आणि तिने हाताला लागलं ते धरलं, ते काय होतं तर टॉवेल टांगायची दांडी. दांडी स्क्रूसकट भिंतीतून निघून तिच्या हातात आली. आवाज ऐकून शेजारचे पण धावले, एका मिनिटात सहा माणसं जमा झाली म्हणे, उचलून खाटेवर ठेवलं, गाडी काढली, सगळं केलं. सहा माणसं होती आणि मनगट मोडायचं ते मोडलंच. खुबा वाचला हे नशीब, कारण खुबा मोडला की म्हातारं माणूस पुन्हा पहिल्यासारखं चालेलच असं नसतं, गावात प्रत्येक गल्लीत एकतरी उदाहरण आहे.

ती टॉवेलची दांडी हा माझा सगळा मुद्दा आहे. म्हातारं माणूस धरायला काहीतरी शोधतंच, तुम्ही लावा की नका लावू. मग ते नळ धरतं, बादली धरतं, दाराची कडी धरतं. त्यापेक्षा वजन पेलणारी स्टीलची दांडी विटेच्या भिंतीत अँकर बोल्टने पक्की बसवली तर त्यात दवाखाना कुठे आला? आमची आजी खाटेवरून उठायला वरच्या कडीला बांधलेला दोर धरायची. जाड दोर, मधे दोन गाठी मारलेल्या, हाताच्या तेलाने काळा झालेला. तेव्हा कोणी म्हटलं नाही की हॉलचा लुक जातोय. आणि सारवलेल्या जमिनीवर ती कधी घसरली पण नाही. (जुन्या घराचं फार कौतुक करायचं कारण नाही, उंबरठा वीतभर उंच होता, न्हाणीत दिवसा अंधार आणि संडासाला परसात जावं लागायचं, पावसात पण.)

जपानमधे हे आपोआप आलं असं नाही. इथेही तातामीवर म्हणजे गवती चटईवर बसणं, जमिनीवर गादी घालून झोपणं, उकिडवं बसायचा संडास, दारात चांगली उंच पायरी, सगळं आपल्यासारखंच होतं. २००० सालच्या एप्रिलमधे सरकारने म्हातारपणाच्या देखभालीचा विमा सुरू केला. चाळिशीपासून सगळ्यांकडून हप्ता कापतात, माझाही कापतात. त्यातून घरात दांड्या बसवणं, उंबरठे काढणं, घसरणारी फरशी बदलणं, दार सरकतं करणं, कमोड बसवणं यासाठी २ लाख येनपर्यंतच्या कामाचे ७० ते ९० टक्के पैसे मिळतात. २ लाख येन म्हणजे आपले लाख-सव्वा लाख. आपल्याकडे २००७ चा कायदा आहे, आईबापांना पोसलं नाही तर पोरांना खर्च द्यायला लावणारा. चांगला कायदा आहे, पण तो पोरं वाईट निघाल्यावरचा. पोरगा चांगला आहे, मायवर जीव टाकतो आणि तिच्या बाथरूमला चकचकीत टाइल लावतो, त्याचं काय करायचं?

आता पायऱ्या. फोटोत ओट्याच्या शेजारी एक रॅम्प दिसला, मला क्षणभर भरून आलं. मग कळलं तो मोटरसायकल चढवायचा आहे. ओटा दीड फूट उंच आणि रॅम्प जेमतेम तीन फुटांचा. व्हीलचेअरसाठी नियम असा की १ फूट चढायला १२ फूट लांबी, म्हणजे आमच्या ओट्याला १८ फूट पाहिजे, तेवढा केला तर तो गटार ओलांडून समोरच्यांच्या दारात जाईल. त्यामुळे रॅम्पचा हट्ट मी सोडला. मी फक्त म्हटलं की पायऱ्या सहा इंचांच्या वर नको, दोन्ही बाजूंना धरायला रेलिंग, आणि प्रत्येक पायरीच्या कडेला खरबरीत पिवळी पट्टी, कारण काळ्या ग्रॅनाइटवर संध्याकाळी मायला कुठली पायरी कुठे संपते ते दिसतच नाही. दादा म्हणे रेलिंगने फ्रंट एलिव्हेशन बिघडतं. अरे एलिव्हेशन बघणार कोण, वास्तुशांतीला एकदा जेवून जाणारे पाहुणे ना?

आणि एक गोष्ट जी टोकियोतल्या कुठल्या पुस्तकात मिळणार नाही. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे बाथरूममधे ड्रम, टाकी, तीन बादल्या, कळशी, आणि मधे पाऊल ठेवायला वीतभर जागा. कितीही महागडी टाइल लावा, माय रात्री दोनला त्या ड्रमलाच अडखळणार. ड्रम बाहेर आणि बाथरूमचा दिवा इन्व्हर्टरवर, एवढं केलं तरी निम्मं काम झालं. वहिनीला हे लगेच पटलं. टाइलचं पण जमलं, जळगावच्या दुकानातून दादाने व्हिडिओ कॉल लावला, मी म्हटलं दुकानातल्या पोराला सांग टाइलवर साबणाचं पाणी टाक आणि चप्पल काढून उभं राहा. पहिल्या दोन टाइलवर पोरगा स्वतःच हसत मागे सरकला. तिसरी घेतली, फिकी राखाडी, वहिनी म्हणे हिच्यावर डाग दिसत नाही.

दांडीला शेवटपर्यंत नाही म्हणणारी मायच होती. "हाऊ दवाखानाना दांडा घरमा कसाले लावस रे भाऊ?" तिला तो दांडा म्हणजे आपण संपलो असं वाटत होतं, आणि हे मला इतक्या लांबून कळलं नव्हतं, दादाला कळलं होतं. त्याने मग तिला काही न विचारता गवंड्याकडून बसवून घेतला, कमोडपाशी एक आणि नळापाशी एक.

परवा व्हिडिओ कॉलवर वहिनीने फोन आत नेला. पायऱ्यांना रेलिंग अजून नाही, मोटरसायकल मात्र रॅम्पवरून बरोबर ओट्यावर चढलेली. बाथरूमच्या दोन्ही दांड्या पक्क्या होत्या, आणि दोन्हींवर मायची ओली लुगडी वाळत घातलेली. मी विचारलं, माय, धरतेस का मग?

"धरस ना रे भाऊ," ती म्हणे, "लुगडं सुकी गयं का." म्हणजे लुगडं वाळलं की मग.

दादाला मेसेज टाकलाय, बाथरूमबाहेर एक दोरी बांध.