नाना बांध कोरतात

शेतीवाल्या घरातल्या माणसाला "बांध कोरला" एवढं म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही, तो लगेच दोन शिव्या हासडून स्वतःची स्टोरी चालू करतो. बाकीच्यांसाठी सांगतो. दोन रानांच्या मधे मातीचा बांध असतो, विदर्भात त्याला धुरा म्हणतात. नांगरट करताना शेजारी ट्रॅक्टर बांधाला असा काही खेटून घेतो की फाळ बांधाच्या कुशीत शिरतो आणि वीतभर माती त्याच्या बाजूला पडते, पडली तर पडली. पुढच्या वर्षी अजून वीतभर. याला कोरणं म्हणतात. बळकावणं वेगळं. बळकावणारा निदान दिसतो तरी हो, त्याच्यावर केस टाकता येते, गावातली चार माणसं आपल्या बाजूने बोलतात. कोरणारा मात्र आपण गावी गेलो की चहा घेऊन समोर उभा.

आमच्याकडचे कोरणारे म्हणजे नाना. वडलांचे चुलत भाऊ, गळ्यात माळ, एकादशी चुकत नाही, आणि माझ्यावर भयंकर जीव. "आरं सायेब, कवा आलास? वाळलास की रं!" असं म्हणून पाठीवरून हात फिरवतात तेव्हा मी मनातल्या मनात बांध मोजत असतो. आमच्या बांधावर मधोमध एक लिंबाचं झाड होतं. मी कॉलेजात होतो तेव्हा मधोमध होतं, नोकरीला लागलो तेव्हा थोडं पलीकडच्या कडेला दिसायला लागलं, आणि आता ते सरळ नानांच्या रानात आहे, त्याच्या सावलीत नानांची बाज असते. झाडं चालत नाहीत असं शाळेत शिकवलं होतं.

एकदा पुण्यात झोप येईना म्हणून हिशोब केला. बांध लांबीला ३३० फूट. एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३, म्हणजे १०८९ चौरस फूट. वर्षाला अर्धा फूट जरी कोरलं तरी १६५ चौरस फूट झाले, म्हणजे साडेसहा वर्षांत एक गुंठा गायब. आणि इकडे एवढ्याच चौरस फुटांच्या फ्लॅटचे हप्ते मी रिटायर होईपर्यंत फेडणार आहे. नानांना हप्ता नाही, स्टँप ड्युटी नाही, फक्त ट्रॅक्टरवाल्याला "जरा अंगाला घे रं" एवढं सांगायचं.

बरं बोलायचं म्हणावं तर काय बोलायचं? कोरणाऱ्याची खरी अक्कल इथंच आहे, तो एका वेळी तेवढंच घेतो जेवढ्यासाठी भांडलं तर आपणच हलकट दिसतो. "नाना, वीतभर आत आलाय तुम्ही" असं म्हणून बघा, सगळी भावकी आपल्याकडे बघते की शहरात एवढा पगार घेतो आणि वीतभर मातीसाठी म्हाताऱ्या चुलत्याशी भांडतो. आणि नाही बोललो तर बारा वर्षं गप्प बसलेल्या मालकाचं कोर्ट काय करतं ते आमच्या वकील मित्राने मला जेवताना सांगितलं, १९६३ चा मुदतीचा कायदा काढून, जमिनीवरचा हक्कच जाऊ शकतो म्हणे, माझं जेवण गेलं.

बायको मुंबईची, तिला आधी हा सगळा प्रकार खोटाच वाटायचा. मग आमच्या मजल्यावर शेजाऱ्यांनी पॅसेजमधे चपलांचं स्टँड ठेवलं, मग त्यावर कुंडी, मग शेजारी पोराची सायकल, मग सायकलला टेकून वॉटर प्युरिफायरचा खोका, आणि एक दिवस हीच आत येऊन म्हणाली, "अहो, ते बांध कोरतायत." तेव्हापासून घरात हा शब्द कशालाही चालतो. रविवारी फोन करणारा बॉस, दोन दिवसांसाठी आलेला भाचा, रात्री पांघरूण ओढणारा मी, सगळे कोरतात.

मधे २०२३ साली सरकारने सलोखा योजना काढली, वाचून मला भरून आलं. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, अशी बारा वर्षं असेल तर नाममात्र स्टँप ड्युटीत अदलाबदल करून टाका. पण त्यासाठी मुळात नानांची पण थोडी जमीन माझ्याकडे पाहिजे ना, आमच्याकडे वनवे ट्रॅफिक आहे.

शेवटी भूमी अभिलेखला मोजणीचा अर्ज टाकला, फी भरली. लगतवाल्यांना नोटिसा गेल्या, नानांचा फोन आला. मी म्हटलं आता महाभारत. तर नाना म्हणाले, "आरं मला सांगायचंस की, मोजणीवाल्यांचं जेवण आपल्याकडंच." आणि खरंच ठेवलं हो, शेंगदाण्याच्या पोळ्या बिळ्या. पूर्वी साखळी घेऊन दिवसभर चालायचं म्हणे, आता रोव्हर आलाय, सॅटेलाइटवरून पॉइंट घेतात, दुपारपर्यंत काम झालं पण. हद्द निघाली ती बरोबर नानांच्या बाजेखालून. आता हे निमताना मोजणी, म्हणजे वरच्या साहेबाकडून फेरमोजणी मागणार, अजून वर्षभर फिरवणार अशी मी मनाची तयारी करून बसलो होतो, पण नाना उठले, स्वतः बाज उचलून बाजूला ठेवली, "सरकार म्हणतंय तर बरोबरच आसंल" म्हणून सही केली आणि दगड पुरायला पोराच्या हातात पहार पण दिली. मलाच कसंतरी झालं. येताना त्यांनी डब्यातून तूप दिलं.

पेरणी झाल्यावर आमच्या वाटेकऱ्याला फोन केला, म्हटलं दगड आहे ना नीट.

"हाय की, जाग्यावर हाय."

"बरं झालं."

"फकस्त आपल्या भुईमुगात आलाय जरासा."