पन्नी आहे का, भाऊ?

पर्यावरणाचं धोरण दिल्लीत ठरतं, मुंबईत ठरतं किंवा फार तर हिवाळी अधिवेशनात आपल्याकडे नागपुरात ठरतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा संध्याकाळी साडेसहाला गोकुळपेठेच्या बाजारात येऊन उभं राहावं. धोरण तिथे ठरतं, वांग्याच्या ढिगापाशी. आणि ते ठरवायचा अधिकार तुमच्याकडे आहे. तो वापरायचा कसा हे शाळेत कोणी शिकवलेलं नसतं, म्हणून हा प्रपंच.

समजा, ऑफिसातून परतताना तुम्ही भाजीला थांबलात. एका हातात मोबाइल, दुसऱ्यात गाडीची चावी. पिशवी घरी, दारामागच्या खिळ्याला. (आपल्याकडे प्रत्येक दारामागे असा खिळा असतो आणि त्याला पाच कापडी पिशव्या असतात: एक सराफाची, दोन लग्नातल्या, एक वृक्षारोपणाच्या कार्यक्रमातली, एक कुणाची ते आठवत नाही.) अर्धा किलो वांगी, पाव किलो मिरची आणि सांबाराची (म्हणजे कोथिंबिरीची) एक जुडी मोजून झाली की विचारायचं, "पन्नी आहे का, भाऊ?"

"पन्नी बंद आहे ना साहेब."

"मग राहू द्या."

इथे घाई करू नका. "मग राहू द्या" म्हटल्यावर आवाज चढवायचा नाही, कायदा काढायचा नाही. शांतपणे वळायचं आणि चालू लागायचं. एक पाऊल, दोन पावलं. तिसऱ्याला मागून हाक येतेच. "या ना साहेब, कायले नाराज होता!" मग तो इकडेतिकडे बघतो, बुडाखालचं बारदान उचलतो आणि एक पांढरी, पातळ, फुंकर मारल्याशिवाय तोंड न उघडणारी पन्नी बाहेर काढतो.

एवढ्यात तुम्ही काय केलंत ते समजून घ्या. राज्य सरकारने २३ मार्च २०१८ ला प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली, २३ जूनपासून अंमल सुरू केला. पहिल्या खेपेला पाच हजार दंड, दुसऱ्या खेपेला दहा, तिसऱ्या खेपेला पंचवीस हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. अंमलाला आठवडा व्हायच्या आत किराणा दुकानदारांच्या पॅकिंगला सवलत द्यावी लागली. पुढे १ जुलै २०२२ ला केंद्राची बंदी आली, तिच्यात स्ट्रॉ गेले, थर्माकोलची सजावट गेली. एवढा सगळा पसारा तुम्ही तीन पावलांत मागे टाकलात. भाजीवाल्याच्या डोक्यात दोन आकडे असतात. एक पाच हजारांचा, जो कधी तरी लागेल. दुसरा सत्तर रुपयांचा, जो आत्ता पाठ फिरवून निघालाय. त्याने कुठला धरावा, हे तुम्ही रोज त्याला शिकवता. आणि महिन्यातून एकदा पथक येऊन त्याचीच पावती फाडतं तेव्हा बाजूला उभं राहून म्हणायचं, "बरोबर आहे, या लोकांना अक्कलच नाही."

ही झाली प्राथमिक शाळा. पुढचा वर्ग संक्रांतीचा.

नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. त्यानंतर दर जानेवारीत आपल्याकडे उच्च न्यायालयाचं खंडपीठ विचारतं, पोलिस छापे घालतात, चक्र्यांचे ढीग जप्त होऊन वर्तमानपत्रात फोटो येतात. तरी १४ तारखेला गच्चीवरून "ओ काट!" ऐकू येतं ते सुती दोऱ्याचं नसतं, हे खालून जाणाऱ्याच्या मानेला माहीत असतं. म्हणून आपण काय करतो? गळ्याला दुपट्टा गुंडाळतो, गाडीच्या हँडलला तारेची कमान बसवून घेतो. आणि प्रशासन संक्रांतीच्या दिवशी उड्डाणपूल दुचाकींना बंद करतं.

हे नीट बघा. दोरा बंद होत नाही, पूल बंद होतो. पूल कोणाच्या भावनेचा नसतो. त्याचे काका-मामा नसतात, तो मोहल्ल्यातल्या पोरांना घेऊन नगरसेवकाकडे जात नाही. जनभावना जिथे टणक लागते तिथून धोरण वळसा घालतं आणि जिथे मऊ लागतं तिथे टेकतं. तेव्हा तुमची सवय टिकवायची असेल तर तिला आधी भावना करा. "मला नायलॉनच लागतो" असं म्हणू नये, चिल्लर वाटतं. "पोरांचा वर्षाचा सण आहे, त्याच्यातही तुम्ही..." असं म्हणावं. पुढचं वाक्य मोकळं सोडावं. ते सरकार स्वतः पूर्ण करतं.

फटाक्यांचंही तसंच, पण त्यात आपल्याला जरा जास्त अभिमान बाळगायला वाव आहे. कमी धुराचे हरित फटाके तयार करण्याचं काम ज्या संस्थेने केलं, ती नीरी आपल्याच गावची. १९५८ पासून इथे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीला रात्री आठ ते दहा ही वेळ ठरवून दिली. आमच्या लाइनीत साडेआठला एक सुतळी बॉम्ब फुटला, तो हरित होता का असं मी विचारलं. "खोक्यावर हिरवा शिक्का आहे ना काका," असं उत्तर आलं. शिक्का होता. पुढे तो शिक्का रात्री साडेबारापर्यंत फुटत राहिला.

अर्थात नुसत्या सवयी सांभाळून भागत नाही. अधूनमधून पर्यावरणाची कळकळ बाहेर पडली पाहिजे, नाही तर ती आत साचते आणि माणूस खरोखर काही करून बसतो. त्यासाठी आपल्या पूर्वजांनी सोय करून ठेवलीय. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या बाईचा पुतळा, वाजतगाजत निघते; काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. तिच्यासोबत बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे. वर्षभरात जे जे बोचलं त्याचा बडग्या करायचा, गावभर फिरवायचा आणि "घेऊन जा गे मारबत!" म्हणत जाळून टाकायचा. यंदा प्रदूषणाचा बडग्या करा. डोकं थर्माकोलचं, पोट जुन्या फ्लेक्सचं, गळ्यात पाण्याच्या पाउचची माळ. पेटवल्यावर धूर काळा निघेल. निघू द्या, प्रदूषणच आहे ते. मी स्वतः एका वर्षी इतवारीत घसा बसेपर्यंत ओरडलोय. ओरडून तहान लागली, पाउच फोडला, प्यालो आणि रिकामा पाउच कुठे टाकला ते मला आजतागायत आठवत नाही.

आता उन्हाळा. मे २०२४ च्या अखेरीला शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, आणि तासाभरात तो आकडा परदेशातल्या मुलामुलींपर्यंत पोहोचला. हवामान खात्याने मागाहून सांगितलं की त्या केंद्राचा सेन्सर बिघडला होता. हा खुलासा मात्र आमच्या ग्रुपवर कोणी टाकला नाही. मला विचाराल तर योग्यच झालं. आपण आयुष्यभर सोसलेल्या उन्हाला पहिल्यांदा शोभेलसा आकडा मिळाला होता, तो असा सहजासहजी परत करायचा का?

उकाडा वाढला की एसी लागतो, एसीला वीज लागते आणि वीज शहराबाहेरच्या कोराडीच्या कोळशावरच्या केंद्रातून येते. हा भूगोल पक्का करून ठेवा: वीज इकडे, राख तिकडे. जुलै २०२२ मध्ये तिकडे खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला. राख कोलार नदीत गेली, कोलार कन्हानला मिळते आणि कन्हानचं पाणी आपण पितो. म्हणजे राख इकडेही आली, पण नळातून, सभ्यपणे. पुढच्याच वर्षी, २९ मे २०२३ ला, कोराडीत ६६० मेगावॉटच्या आणखी दोन संचांसाठी जनसुनावणी झाली. अशा सुनावणीची नियमात चोख व्यवस्था आहे. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे तीस दिवस आधी नोटीस, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी, सगळ्याचं चित्रीकरण. फक्त ती प्रकल्पाच्या गावी होते, आणि ही तर भर मे महिन्यात होती. माझा सल्ला: जाऊ नका. तिथे रोजगार मागणारे येतात आणि दमा झालेले येतात, दोन्ही एकाच गावचे असतात आणि एकमेकांवर ओरडतात. आपलं काम घरी राहणं. एसी चोवीसवर ठेवून राहिलात तर तुमचं म्हणणं मागणीच्या आलेखात आपोआप नोंदवलं जातं. तिथे नोटीस लागत नाही, माइक ओढावा लागत नाही.

शिवाय कोराडीला आपण काहीच देत नाही असंही नाही. शहराचं सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध करून आपण वीजकेंद्रांना पुरवतो. खरंच चांगलं काम आहे ते, उपरोध बाजूला ठेवून सांगतो. म्हणूनच त्याबद्दल कोणाला फारसं माहीत नाही.

जे सांडपाणी तिथवर जात नाही ते नागनदीत जातं. इथे शब्द जपून वापरायचे. एरवी म्हणायचं "नाला". नाल्यात कचरा टाकता येतो, नाल्याला भिंत घालता येते, नाल्यावर स्लॅब टाकून गाड्या लावता येतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि पाणी अंबाझरी ले-आउटपासून सीताबर्डीपर्यंत घुसलं. त्या दिवशी म्हणायचं "नदी". नदीला पूर येतो, नदीचं पात्र अडवलं जातं, नदीवर समिती बसते. हा शब्द साधारण सोफा वाळेपर्यंत वापरावा. रस्त्यावर ओळीने वाळत घातलेले सोफे तेव्हा मीही पाहिले. ते घरात गेले तसा नाला परत आला. नदीसाठी दोन हजार कोटींच्या घरातली, जपानी कर्जाची योजना आहे. नाल्यासाठी एवढे कोण देईल?

एका अपायकारक उदाहरणापासून मात्र मुलांना दूर ठेवा. २०२१ मध्ये अजनीत मोठ्या स्थानक-प्रकल्पासाठी झाडं तोडायचं घाटत होतं. तेव्हा काही लोक रविवारी उठून तिथे जाऊ लागले. झाडं मोजली, पोरांना नेलं, हरकती लिहिल्या, कोर्टात गेले. आणि त्या आराखड्याची गाडी अडली. म्हणजे जनभावना नावाची चीज आपण म्हणतो तिथेच नाही, त्यांनी म्हटली तिथेही चालते. हे फार पसरू देऊ नये.

आमच्या लाइनीत आम्ही नाही पसरू दिलं.

कोपऱ्यावरच्या प्लॉटवर फ्लॅट स्कीम आली आणि तिथल्या कडूलिंबाच्या बुंध्यावर एक नोटीस लागली. सात दिवसांत हरकती कळवाव्यात. १९७५ चा कायदा आहे तो. २०२१ च्या दुरुस्तीत पन्नास वर्षांच्या वरच्या झाडाला वारसावृक्ष म्हटलंय आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावायला सांगितलंय. त्यामुळे आता झाडाचं वय फार महत्त्वाचं. कागदावर आमचा कडूलिंब पस्तीस वर्षांचा होता. समोरच्या काकू त्रेपन्न वर्षांपूर्वी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांची वरात त्याच्याखाली थांबली होती. बायांचं वय कमी सांगतात हे ऐकलं होतं. झाडाचंही सांगतात, हे नवीन कळलं.

पहिल्या दिवशी मी नोटिशीचा फोटो ग्रुपवर टाकला. अकरा जणांनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी कोणी तरी लिहिलं, "पण पानं लय पडतात." तिसऱ्या दिवशी पक्ष्यांचा विषय निघाला, म्हणजे गाडीवर ते जे करतात त्याचा. चौथ्या दिवशी एकाचा वाढदिवस होता. पाचव्या दिवशी नोटिशीवर कोणी तरी 'वन बीएचके भाड्याने देणे आहे' चिकटवलं. सहाव्या दिवशी मी हरकतीचा मसुदा लिहिला, चांगला लिहिला, त्यात एक सुभाषितही घातलं. सातव्या दिवशी साळ्याच्या पोराची हळद होती.

नवव्या दिवशी करवत आली. अर्ध्या तासाचं काम. काकू गॅलरीत उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत, आत जाऊन कूलर सुरू केला तेवढा आवाज आला.

मे महिन्यात गाड्या कुठे लावायच्या हा प्रश्न निघाला. आतापर्यंत सहा गाड्या त्या झाडाखाली असत. पानं पडतात म्हणणाऱ्याची सगळ्यात आधी. ग्रुपवर तातडीची बैठक झाली, हॉलमध्ये बावीस जण आले. एवढे तर गणपतीच्या वर्गणीलाही येत नाहीत. लोखंडी पाइप रोवून वर शेडनेट ताणायचं ठरलं, घरटी पाचशे रुपये. मीही दिले.

पाइप किती जाडीचे घ्यायचे यावर दोन तास भांडण झालं. जाळी हिरवी घ्यायची, यावर मात्र सगळ्यांचं पहिल्या मिनिटाला एकमत झालं.