लावायला दहा मिनिटं, काढायला तीन बादल्या

केस गळायला लागले की सोलापुरात डॉक्टरच्या आधी गल्लीला कळतं. "कांद्याचा रस लावा की ओ!" "मेथी वाटून थापा की!" सगळे सल्ले 'लावा'पाशी संपतात. ते काढायचं कसं, हे कोणी सांगत नाही. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड. म्हणून माझं ठाम मत आहे की या उपायांचा मुहूर्त पंचांगात न बघता पाण्याच्या पाळीवर धरावा.

मेथीचंच घ्या. दोन चमचे दाणे रात्री भिजवून सकाळी मिक्सरला लावायचे, पाणी चमच्याचमच्याने. यात कामाचा असतो तो बुळबुळीतपणा. तो केसावर थर धरतो, केस मऊ लागतात, गुंता कमी होतो. मुळांतून नवे केस उगवायला लावणं त्याच्या हातात नाही. आता चूक कुठे होते, तर लोक चोथ्यासकट थापतात आणि 'तासभर ठेवा' हे प्रमाण मानतात. एप्रिलच्या सोलापुरात तासाभरात डोक्यावर गिलावा होतो. मग खरवडताना चांगले धडधाकट केसही हातात येतात. वाटण आधी जुन्या पंचातून पिळून नुसता बुळबुळीत गर घ्यावा आणि वीस मिनिटांत, ओला असतानाच धुवावा. पुसायलाही पंचाच घ्यावा. आपल्या सोलापुरी टर्किश टॉवेलचा अभिमान असावा, पण त्याच्या फासांत मेथीचा कण अडकला की चार धुण्यांत निघत नाही. शिवाय त्याने ओले केस खसाखसा घासले की तुटतात, ते वेगळंच.

कांदा मध्यम आकाराचा एक पुरे. किसून पिळायचा आणि रस कापसाने टाळूला लावायचा, केसांना नव्हे. पंधरा मिनिटं झाली की धुवायचं. आग झाली तर लगेच. वास गंधकाच्या संयुगांचा असतो. शांपूने गेला असं वाटतं, पण दुपारी घाम आला की तो परत हजर. 2002 साली एका छोट्या अभ्यासात चाईवर कांद्याच्या रसाचा उपयोग दिसला होता. चाई म्हणजे गोल चट्ट्यांनी केस जाणं. रोजच्या गळतीला तो दाखला लावणं म्हणजे दुसऱ्याच्या चिठ्ठीवर आपलं औषध घेणं.

तेलाचं काम जरा सभ्य. पाव लिटर खोबरेल, दोन मुठी कढीपत्ता. पानं धुऊन सावलीत पूर्ण वाळवावीत. ओली टाकली तर आधी तडतडून हात भाजतात आणि राहिलेल्या पाण्याने तेल लवकर खवट होतं. मंद आचेवर पानं कुरकुरीत झाली की गॅस बंद. काळी पडली तर समजा जळली. खोबरेल केसाच्या आत शिरतं, त्यामुळे धुताना प्रथिनं कमी जातात आणि तुटणं कमी होतं. गळणं थांबत नाही. फरक ओळखायचा तर कंगव्यातला केस उजेडात धरा. टोकाला पांढरी बारीक गाठ असली तर गळलेला, नसली तर तुटलेला. कोंडा असेल तर रात्रभर तेल नको, कोंड्यामागच्या बुरशीला ते खाद्य होतं. एरंडेल नुसतं लावूच नये. एक भाग एरंडेलाला तीन भाग खोबरेल. नाहीतर असा गुंता होतो, की शेवटी कात्रीच लागते.

शिकेकाईची पूड थेट चोळू नये. दोन चमचे दोन कप पाण्यात उकळून गाळावी आणि धुताना डोळे मिटून घ्यावेत.

आता श्रेयाचा घोळ. दिवसाला 50 ते 100 केस जाणं नेहमीचंच. मोठा ताप किंवा बाळंतपण झालं की दोन-तीन महिन्यांनी मुठीमुठीने गळतात आणि बहुतेकांचे पुढच्या काही महिन्यांत आपोआप थांबतात. त्या आठवड्यात डोक्यावर जे असेल, ते रामबाण म्हणून गल्लीभर जातं.

गळती थांबतच नसेल, भांग रुंदावत असेल किंवा चट्टे पडत असतील, तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड यांसाठी रक्त एकदाच द्यावं लागतं. आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना डोकं धुऊन जावं. त्यांना टाळू बघायची असते, वाटण नव्हे.