निबंध छापावा, पण वाचू देऊ नये

संशोधन पूर्ण झालं? अभिनंदन! आता ते कोणाच्या हाती लागणार नाही एवढं बघा. पूर्वी याचा घोर नव्हता. अंक छापून ग्रंथालयाच्या तळघरात गेला की मिटलं. इंटरनेटने घात केला. वेब तर सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत जन्माला आलं तेच मुळी शास्त्रज्ञांनी आपापसांत माहिती वाटावी म्हणून. १९९१ साली पॉल गिन्सपार्ग या भौतिकशास्त्रज्ञाने ‘अर्काइव्ह’ हे संकेतस्थळ काढलं आणि छापून येण्याआधीच निबंध फुकट वाचायला मिळू लागले.

तरी धीर सोडू नका. नामांकित नियतकालिक गाठा. लिहिणार तुम्ही, तपासणार तुमचेच व्यवसायबंधू, तेही बिनपगारी. आणि वाचायला येणाऱ्याला दारातच पैसे विचारले जातील. करारात बहुधा एक कलम असतं, की स्वीकारलेला मसुदा काही महिन्यांनी संस्थेच्या संग्रहात ठेवायला हरकत नाही. त्या कलमाकडे ढुंकूनही पाहू नका. दार उघडं ठेवायचा फारच आग्रह झाला, तर त्याचे पैसे लेखकाकडून घेण्याची सोय आहेच. ‘नेचर’ या नियतकालिकाने २०२१ पासून ती ९,५०० युरोंत करून दिली. एवढे नसतील तर दार बंदच बरं.

खरं कौशल्य डेटात आहे. निबंधाच्या शेवटी ‘योग्य विनंती केल्यास डेटा उपलब्ध’ असं लिहावं आणि जो विद्यार्थी पुढच्या वर्षी संस्था सोडणार आहे त्याचा ईमेल द्यावा. विनंती योग्य होती की नाही, हा प्रश्नच मग उरत नाही. नियतकालिक हट्टालाच पेटलं तर तक्ता स्कॅन करून पीडीएफमध्ये चित्र म्हणून चिकटवा; दिसेल सगळं, आकडा एकही उचलता येणार नाही. एक्सेलच पाठवायची वेळ आली तर स्तंभांना ‘मोजमाप२_नवीन’ अशी नावं द्या, एककं गाळा आणि काही चौकटी पिवळ्या करून ठेवा. पिवळ्या का, हे तुम्हालाही सहा महिन्यांनी आठवणार नाही. म्हणजे गुपित कायमचं सुरक्षित.

बाकीचं एक्सेल स्वतःहून करतं. ‘सेप्ट२’ हे जनुकाचं नाव लिहिलंत की ते त्याची २ सप्टेंबर करून टाकतं. वर्षानुवर्षं शोधनिबंधांच्या पुरवण्यांत जनुकांच्या जागी तारखा छापल्या गेल्या. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने अशा जनुकांचं बारसं पुन्हा केलं. माघार जनुकांनी घेतली, सॉफ्टवेअरने नव्हे! अशा साथीदाराला अंतर देऊ नये.

कोड दिलात तरी हरकत नाही. फक्त त्यात फाइलचा मार्ग तुमच्या लॅपटॉपवरचाच राहू द्या, म्हणजे दुसऱ्याकडे तो चालणारच नाही.

आणि हो, कोणी ग्रिगोरी पेरेलमान या रशियन गणितज्ञाचं उदाहरण देईल. या गृहस्थाने प्वाँकारे अनुमान या गणितातल्या जुन्या, न सुटलेल्या कोड्याची सिद्धता २००२-०३ मध्ये सरळ अर्काइव्हवर टाकली, नियतकालिकाकडे पाठवलीच नाही. जगभरच्या गणितज्ञांनी ती तिथूनच उचलून ओळ न् ओळ तपासली, बरोबर ठरवली. पुढे त्याने फील्ड्स पदक हा गणितातला मोठा सन्मान नाकारला, २०१० मध्ये या सिद्धतेच्या बक्षिसाचे दहा लाख डॉलरही नाकारले. ते त्याला परवडलं. तुमच्या बढतीच्या अर्जात ‘नियतकालिकाचं नाव’ हा रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.