शिकवलेलं मूल आणि भरलेलं पिस्तूल

"बंदूक मुलांपासून लपवू नका, तिची ओळख करून द्या" अशी सुरुवात असलेला एक लांबलचक मजकूर सध्या हातोहात फिरतोय. मला तो तीन वेगवेगळ्या माणसांनी पाठवला. तिघंही लहान मुलांचे पालक आहेत आणि तिघांच्याही मनात मुलांचं भलंच आहे, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं. मुलाला एकदा नीट शिकवलं, बंदूक हातात देऊन दाखवली, की कुतूहल संपतं आणि कुतूहलाबरोबर धोकाही संपतो. बंदूक उंचावर ठेवली तर लहान मुलांचा हात पोचत नाही. पोचलाच तर इवल्या बोटांत चाप ओढण्याइतकी ताकद नसते. मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची सुटी होणारी पेटी, काढून ठेवलं की प्रश्नच मिटला. उलट कुलुपातली बंदूक ऐनवेळी उपयोगी पडत नाही. आणि शेवटी, "आमच्या घरात दोन पिढ्या बंदूक आहे, आजवर काही झालं नाही."

पहिल्या मुद्द्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण बाकीचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे.

"मुलाला शिकवलं की ते हात लावत नाही."

हे लोकांनी प्रत्यक्ष तपासून पाहिलेलं आहे. 2001 साली 'पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 8 ते 12 वर्षांच्या मुलग्यांना दोघा-तिघांच्या गटात एका खोलीत खेळायला सोडलं. खोलीतल्या एका ड्रॉवरमध्ये खरं, पण गोळी सुटणार नाही असं केलेलं पिस्तूल होतं. बाहेरून संशोधक बघत होते. वेळ होता फक्त 15 मिनिटं. तेवढ्यात 29 पैकी 21 गटांना ते पिस्तूल सापडलं. त्यांतल्या 16 गटांनी ते हाताळलं आणि 10 गटांमध्ये कुणी ना कुणी चाप ओढला. पिस्तूल सापडलेल्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना ते खेळण्यातलं वाटलं किंवा खरं की खोटं हे कळलं नाही. मला सगळ्यात जास्त हलवून सोडणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. ज्या मुलांनी पिस्तूल हाताळलं किंवा चाप ओढला, त्यांच्यापैकी 90 टक्क्यांहून जास्त मुलांनी सांगितलं की, बंदुकीपासून कसं सावध राहायचं हे आम्हाला आधीच शिकवलेलं आहे.

त्याहून लहान मुलांचं काय? अमेरिकेतल्या नॅशनल रायफल असोसिएशनचा, म्हणजे बंदूक बाळगणाऱ्यांच्या संघटनेचा, मुलांसाठी एक प्रसिद्ध कार्यक्रम आहे. त्यात एक कार्टूनमधला गरुड मुलांना चार गोष्टी शिकवतो: थांब, हात लावू नको, तिथून निघून जा, मोठ्या माणसाला सांग. शिकवण चांगलीच आहे. 2004 साली संशोधकांनी हा कार्यक्रम 4-5 वर्षांच्या मुलांवर तपासला. मुलांनी चारही वाक्यं धडाधड म्हणून दाखवली, पण एकटं असताना समोर बंदूक आली तेव्हा ती वाक्यं वागण्यात उतरली नाहीत. ज्यांच्याकडून प्रत्यक्ष कृती पुन्हा पुन्हा करून घेतली, चुकल्यावर सुधारून घेतली, त्यांनी मोठ्यांसमोरच्या सरावात ती जास्त चांगली करून दाखवली, पण एकटं असताना तीही वागण्यात उतरली नाही.

ज्यांनी चार वर्षांचं मूल वाढवलंय त्यांना यात नवल वाटणार नाही. "गॅसजवळ जायचं नाही" हे मूल आपल्याला अगदी खणखणीत म्हणून दाखवतं आणि आपली पाठ वळली की गॅसजवळच सापडतं. ते खोटं बोलत नसतं. नियम आठवणं आणि त्या क्षणी हात आवरणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, आणि दुसरं यायला वर्षं लागतात. त्यात सोबतीला दुसरं मूल असेल तर "मला बघू", "मला दे" सुरू होतं आणि उरलासुरला नियमही उडून जातो.

शिकवणं फुकट जातं असं माझं म्हणणं नाही. 2023 साली 'जामा पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात 8 ते 12 वर्षांच्या काही मुलांना बंदुकीच्या सुरक्षेचा एक मिनिटाचा व्हिडिओ दाखवला, तर काहींना गाडीतल्या सुरक्षेचा. आठवड्याभराने जोडीजोडीने खेळताना त्यांना निकामी केलेली पिस्तुलं सापडली. गाडीचा व्हिडिओ पाहिलेल्यांपैकी सुमारे 67 टक्के मुलांनी पिस्तुलाला हात लावला, बंदुकीचा पाहिलेल्यांपैकी सुमारे 39 टक्क्यांनी. चाप ओढणाऱ्यांचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 9 वर आलं. एका मिनिटाने एवढा फरक पडत असेल तर शिकवायलाच हवं. पण त्या 39 आणि 9 कडे आईच्या नजरेने पाहा. भरलेलं, उघडं पिस्तूल घरात असेल, तर शंभर शिकवलेल्या मुलांमधली नऊ हा आकडा कुठल्या घराला परवडेल?

शिकवताना एक गोष्ट मात्र सांभाळायला हवी. "मला बंदूक दिसली" असं सांगत आलेल्या मुलावर कधीही ओरडू नका. ओरडा बसलेलं मूल पुढच्या वेळी सांगत नाही, आणि 'मोठ्या माणसाला सांग' ही गरुडाची चौथी पायरी तिथेच मोडते.

"हाताळू दिलं की कुतूहल मरतं."

आईबाबांच्या मांडीवर बसून हाताळलेल्या वस्तूतून मूल काय शिकतं? सेफ्टी, म्हणजे चाप अडवून धरणारा खटका, कुठे असते, मॅगझिन कुठून बसतं, बोट कुठे जातं. म्हणजे ती कशी चालवायची हे शिकतं. शिवाय ही वस्तू आपली, घरातली, ओळखीची आहे हेही शिकतं. याने ओढ कमी होत नाही, भीड तेवढी कमी होते.

पालकांचा आत्मविश्वास हा याहून मोठा प्रश्न आहे. 2006 सालच्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या बंदूक असलेल्या घरांत पालकांना आणि मुलांना वेगवेगळं विचारलं गेलं. "बंदूक कुठे आहे हे माझ्या मुलाला माहीत नाही" असं सांगणाऱ्या पालकांपैकी 39 टक्क्यांच्या मुलांनी नेमकं उलट सांगितलं. "माझ्या मुलाने कधी हात लावलेला नाही" म्हणणाऱ्यांपैकी 22 टक्क्यांची मुलं म्हणाली, लावलाय. आणि पालकांनी मुलांशी सुरक्षेबद्दल बोलणं केलं होतं की नाही, याने या चुकीत फरक पडला नव्हता. "माझं मूल तसं नाही" हे वाक्य आपण सगळेच म्हणतो. मीही म्हणते. त्या वाक्याच्या भरवशावर घरात भरलेलं हत्यार ठेवता येत नाही.

"उंचावर ठेवली की झालं."

दृष्टीआड सृष्टी हे मोठ्या माणसांचं गणित. माझी लेक चार वर्षांची असताना मी तिच्या वाढदिवसाची भेट कपाटाच्या माथ्यावर, जुन्या चादरींच्या मागे ठेवली होती. तिसऱ्या दिवशी ती खुर्चीवर उशा रचून वर पोचलेली मला दिसली. ती काही शोधतेय याचा मला पत्ताही नव्हता. मूल घराचा कानाकोपरा आपल्यापेक्षा चांगला ओळखतं, कारण त्याचं जग तेवढंच असतं.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2023 साली एक अहवाल दिला. 2003 ते 2021 या काळात तिथल्या नोंदींत अपघाताने गोळी लागून मेलेली 1,262 मुलं सापडली, 17 वर्षांपर्यंतची. त्यांतली 29 टक्के पाच वर्षांची किंवा त्याहून लहान होती. सुमारे दोन-तृतीयांश घटनांत कुणीतरी बंदुकीशी खेळत होतं किंवा ती दुसऱ्याला दाखवत होतं. जिथे माहिती मिळाली तिथे बहुतेक बंदुका भरलेल्या आणि बिनकुलपाच्या होत्या, आणि त्या सगळ्यात जास्त वेळा सापडल्या त्या पलंगाशेजारच्या कपाटात, उशीगादीजवळ, झोपण्याच्या जागी. म्हणजे मोठ्यांना "हाताशी" वाटते तीच जागा.

किल्लीचंही तेच. कपाटाला कुलूप आणि किल्ली वरच्या खिळ्याला, ही लपवाछपवीच झाली.

"इवल्या बोटांत ताकद नसते."

1995 साली मुलांच्या बोटांची ताकद मोजली गेली. 10 पौंड, म्हणजे साधारण साडेचार किलो जोर लावू शकणारी मुलं 3-4 वर्षांच्या वयात 25 टक्के, 5-6 वर्षांत 70 टक्के आणि 7-8 वर्षांत 90 टक्के निघाली. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच पिस्तुलांना एवढा जोरही लागत नाही. आणि लहान मूल आपल्यासारखं पिस्तूल धरत नाही. एका बोटाने जमलं नाही की ते मूठ उलटी करून दोन्ही अंगठ्यांनी चाप दाबतं. तेव्हा नळीचं तोंड कुणाकडे असतं, हे लिहवत नाही.

"मॅगझिन काढलं की ती रिकामी."

हा गैरसमज मोठ्या माणसांचाही जीव घेतो. सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे एक गोळी सुटली की पुढची आपोआप भरणाऱ्या, पिस्तुलात मॅगझिन काढल्यावरही एक काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला, राहू शकतं. मॅगझिन नसताना चाप चालूच नये अशी सोय काही मॉडेलमध्ये असते, पुष्कळांमध्ये नसते. मॅगझिन बाजूला पडलेलं असताना, "रिकामं आहे" म्हणत चाप ओढला जातो आणि गोळी सुटते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. नळी सुरक्षित दिशेला, बोट चापापासून लांब. आधी मॅगझिन काढायचं. मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढून तशीच अडकवायची. मग चेंबर डोळ्यांनी बघायचं आणि बोटानेही चाचपायचं. हा क्रम उलटा झाला, आधी स्लाइड ओढली आणि नंतर मॅगझिन काढलं, तर स्लाइड पुढे जाताना नवीन काडतूस चेंबरमध्ये भरलं जातं, आणि आपण मात्र रिकामं केल्याच्या समाधानात असतो. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 1991 साली अपघाती मृत्यूंचा अभ्यास केला तेव्हा असं दिसलं की, आत गोळी आहे की नाही हे दाखवणारी खूण हत्यारावर असती तर 23 टक्के मृत्यू टळू शकले असते.

सेफ्टीच्या खटक्यावरही विसंबू नका. काही पिस्तुलांना बाहेरून तो नसतोच, आणि असला तर मुलाच्या बोटाने सहज सरकतो.

"कुलुपातली बंदूक काय कामाची?"

या वाक्यामागची भीती खरी आहे आणि तिची थट्टा करणं मला पटत नाही. रात्री दार वाजलं की पोटात गोळा येतो, त्या माणसाला आकडे सांगून उपयोग नसतो. तरी एक आकडा सांगते. 1998 साली अमेरिकेतल्या तीन शहरांतल्या, घरात किंवा घराच्या आवारात गोळीबार झालेल्या घटना तपासल्या गेल्या. स्वसंरक्षणात गोळी चालवल्याच्या दर एका घटनेमागे 4 अपघात, 7 हल्ले किंवा खून आणि 11 आत्महत्या किंवा तसे प्रयत्न आढळले. नुसती बंदूक दाखवून संकट टळल्याच्या वेळा यात धरलेल्या नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. पण घरातल्या मुलाचा प्रश्न तो आक्षेप घेऊनही सुटत नाही.

कुलूप म्हणजे तळघरातली पेटी, असंही नाही. आकड्यांच्या बटणांवर उघडणारी छोटी तिजोरी भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने पक्की करता येते आणि सराव असेल तर काही सेकंदांत उघडते. हत्यार अंगावर, आपल्या ताब्यात असेल तोवर ते आपल्याजवळ आहे. अंगावरून उतरलं की थेट तिजोरीत. मधली जागा, म्हणजे टेबल, पर्स, गाडीचा कप्पा, उशी, ही मुलांची जागा.

2005 साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात चार सवयी तपासल्या गेल्या: बंदूक कुलुपात, बंदूक रिकामी, काडतुसं कुलुपात, काडतुसं वेगळ्या जागी. मुलांचे आणि किशोरांचे अपघात व आत्महत्येचे प्रयत्न एकत्र धरले, तर चारही सवयी प्रत्येकी कमी धोक्याशी जोडलेल्या आढळल्या. किशोरांचा उल्लेख मुद्दाम करते. घरात धाकट्यासोबत सोळा वर्षांचा थोरला असेल, तर त्याच्या एखाद्या वाईट संध्याकाळी हेच कुलूप त्याला वेळ मिळवून देतं.

कुलपांबद्दल दोन गोष्टी. ट्रिगर लॉक, म्हणजे चापावर बसणारं कुलूप, भरलेल्या हत्याराला कधीच लावायचं नाही. लावतानाच चाप दाबला जाऊ शकतो. केबल लॉकची, म्हणजे तारेच्या कुलपाची, तार उघड्या चेंबरमधून ओवावी लागते, त्यामुळे ते लावायला आधी हत्यार रिकामं करावंच लागतं, आणि हा मोठा फायदा आहे. बोटाच्या ठशावर उघडणारी तिजोरी घेतली तर घरातल्या इतरांची, नोंद न केलेली बोटं लावून बघा. 2023 साली अमेरिकेत अशा सुमारे 61 हजार तिजोऱ्या परत मागवाव्या लागल्या, कारण त्या कुणाच्याही बोटाने उघडू शकत होत्या. आणि सांकेतिक आकडा मुलाची जन्मतारीख नको. तीच त्याला सगळ्यात आधी पाठ होते.

"दोन पिढ्या काही झालं नाही."

झालं नाही याचा मनापासून आनंद आहे. पण त्या दोन पिढ्यांत किती वेळा कुणाचा हात त्या बंदुकीला लागला, हे त्या घरात कुणी विचारलंय का? अलाबामाच्या पालकांनाही काही झालेलं नव्हतं.

आणि तुमचं मूल कितीही शहाणं असलं, तरी घरी येणारी मुलं तुम्ही शिकवलेली नसतात. भाचा, शेजारची मुलगी, वर्गातला मित्र. तुमचं मूलही दुसऱ्यांच्या घरी जातंच. तिथे आपण विचारतो, कुत्रा चावरा आहे का, घरी कोण असेल, गच्चीला कठडा आहे का. त्याच दमात हेही विचारता येतं: "घरात बंदूक आहे का? असेल तर रिकामी आणि कुलुपात आहे ना?" मी हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तेव्हा जीभ अडखळली होती. समोरच्या बाई क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "थांबा, यांना विचारून सांगते." तासाभराने त्यांचा फोन आला, की आज संध्याकाळी मुलं तुमच्याकडेच खेळू देत, आम्ही तिजोरी बसवून घेतो.