खुलासा: पावसात मस्की मासा गळाला लागत नाही, हे चूक

‘पाऊस आला की मस्की तळाशी बसतो, गळ गुंडाळा’ हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका. मस्की, म्हणजे उत्तर अमेरिकेतला मोठा शिकारी मासा, नजरेने आणि अंगावरच्या पार्श्वरेषेने, म्हणजे पाण्यातली थरथर टिपून, शिकार करतो. ढगाळ हवेत, रिमझिमीत उजेड मंदावतो आणि तो पाणवनस्पतींच्या कडेला उथळात येतो. खरा मंदावतो तो वादळ सरून आकाश निळंभोर झाल्यावर. ओढ्याचं पाणी गढूळ असेल तर मोठ्या पात्यांचा काळा बकटेल (फिरत्या पात्यांचं, केसाळ झुबक्याचं आमिष) सावकाश ओढा. बोटीजवळ रॉडचं टोक पाण्यात बुडवून आमिष इंग्रजी आठच्या (8) आकारात फिरवा, घाईत तेच राहतं. मात्र गडगडाट ऐकू येताच किनारा गाठा. ग्रॅफाइटचा रॉड विजेचा वाहक आहे. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं पाण्यात उतरू नका.