टायनी हाऊस? ते तर आपल्या गावात आहे

हल्ली फेसबुक उघडलं की टायनी हाऊसचे, म्हणजे इवल्याशा घरांचे रील. लाकडी घर, खाली चाकं, जिन्याच्या पायऱ्यांत कप्पे. खाली कॉमेंट ठरलेली, "आपल्याकडे असं कधी येणार?"

अहो, आलंय की! पंतप्रधान आवास योजनेतलं गावाकडचं घरकुल किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फूट, स्वयंपाकाच्या जागेसकट. अमेरिकेच्या २०१८ च्या नमुना बांधकाम नियमावलीत ४०० चौरस फुटांपर्यंतचं घर टायनी हाऊस. फक्त घरकुलाचं रील कोणी करत नाही.

आणि तिकडची ती चाकं निव्वळ हौसेची नाहीत. कित्येक ठिकाणी फार लहान घराला परवानगीच मिळायची नाही, म्हणून लोकांनी ते ट्रेलरवर बांधून वाहनाच्या नियमात बसवलं. घर स्वस्त झालं, पण उभं कुठे करणार? आपल्याकडेही घोडं तिथंच अडतं. सपाट भागात केंद्राच्या योजनेचं अनुदान १ लाख २० हजार. पण नावावर जागाच नसेल तर ते घ्यायचं कशावर? जागा खरेदीला राज्याची मदत आहे, पण गावठाणाला लागून गुंठा काय भावाने जातो ते एकदा विचारून बघा.

आमच्या गावातली घरकुलं बघा. आतून गिलावा, बाहेरून विटा उघड्या. कॉलमच्या सळया स्लॅबच्या वर तशाच सोडलेल्या, पोराचं लग्न ठरलं की खोली चढवायला. आणि दारापुढे बांबू, जुने पत्रे, हिरवी शेडनेट लावून केलेली पडवी. चूल तिथं, पाहुणे तिथं, मे महिन्यात झोपही तिथंच, कारण तापलेल्या स्लॅबखाली रात्री अकरालाही पंखा गरम हवाच फिरवतो. निम्मा संसार नकाशात नसलेल्या जागेत!

लहान घराला सिमेंट-लोखंड कमी लागतं, मान्य. पण मातीच्या भिंती पाडून वर तापणारा स्लॅब ओतला, तर पर्यावरणाचं कौतुक कशाला? वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात विटा उभ्या लावून, मध्ये पोकळी ठेवून भिंती बांधल्या. विटा सुमारे २५ टक्के वाचतात, झळही कमी लागते. स्लॅबमध्ये जुनी कौलं भरली की काँक्रीटही वाचतं. आमच्याकडे ती कौलं उकिरड्याशेजारी रचून ठेवलेली असतात. गवंड्याला सुचवलं तर तो म्हणतो, "इंजिनिअर पास करंल का? हप्ता अडकला तर?" त्याचं काय चुकलं!

पंचायत समितीनं तालुक्यात एक तरी घरकुल असं बांधून दाखवावं, गावच्याच गवंड्यांकडून. आणि पडवीचे पैसे अनुदानात धरावेत.